आठ स्वर, अठ्ठावीस वेळा

परवा कट्ट्यावर एका मित्राने टोमणा मारला. "बाखनंतर तीनशे वर्षं संगीत नुसतं उतरणीला लागलंय रे. आता काय, चार कॉर्ड आणि धडधड!" बाख म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, आणि कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. चार कॉर्डवर माझं घर चालतं, त्यामुळे हे मला जरा लागलंच.

चार कॉर्डचा एवढा राग असेल तर पाखेलबेलचा डी मेजरमधला कॅनन ऐका, म्हणजे एकच चाल एकामागून एक पकडत जाणारी रचना. हा न्युरेंबर्गचा ऑर्गनवाला, १७०६ साली गेला, म्हणजे पक्का बरोक काळातला (युरोपातलं साधारण १६०० ते १७५० चं संगीत). या कॅननमध्ये चेलोवाल्याला, म्हणजे खालच्या सुरातलं मोठं व्हायोलिन वाजवणाऱ्याला, काम काय? डीला सा धरा आणि वाजवा: सा प ध ग, म सा म प. आठ स्वर. संपले की पुन्हा तेच. असं अठ्ठावीस वेळा! वर तीन व्हायोलिनं एकच चाल एकामागून एक उचलतात, पाठशिवणी चालते, सगळी मजा त्यांची. चेलोवाला बिचारा पाट्या टाकल्यासारखा आठ स्वर मोजत बसतो. २०१९ मधलं मरून फाइव्ह या पॉप बँडचं 'मेमरीज' याच कॉर्डच्या क्रमावर उभं आहे. तेव्हा तेच-तेच वाजवण्याचं पाप आजच्या पोरांच्या माथी मारू नका.

माझं तर म्हणणं आहे, बरोकवाल्यांना सगळ्यात जवळचा कोणी असेल तर तो माझ्यासारखा लग्नाबिग्नात वाजवणारा. हसू नका. त्या काळी हार्पसिकॉर्डवाल्याच्या (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) पुढ्यात जो कागद यायचा त्यावर फक्त खालची बासची ओळ आणि तिच्या स्वरांना चिकटलेले आकडे, सहा, सात, चार-दोन असे. मधलं सगळं कोरं. त्याने आकडे बघून तिथल्या तिथे कॉर्ड भरायचे. आता माझी वही उघडा. गाण्याचे शब्द, डोक्यावर ए मायनर, एफ, सी, जी, आणि कोपऱ्यात पेन्सिलने 'ताईंना अर्धा सूर खाली'. बाकीचं हात बघून घेतात. पुढे बेथोव्हेनच्या काळापर्यंत मधल्या ओळीही लिहूनच यायला लागल्या आणि वाजवणाऱ्याने बरहुकूम वाजवायचं ठरलं. ती कोरी जागा आम्हाला परत मिळाली ती जॅझ आणि पॉपमध्ये.

गाणाऱ्यांचंही तेच. बरोकवाल्या हँडेलच्या ऑपेरात दा कापो आरिया नावाची गाणी असायची. पहिला भाग, दुसरा भाग, मग पहिला पुन्हा. पुन्हा आला की गायकाने स्वतःच्या जागा घ्यायच्या, नाहीतर लोक नाराज. आपल्याकडे नाट्यगीताला वन्समोअर मिळाल्यावर कोणी जसंच्या तसं गायलं, तर पहिल्या रांगेतले आजोबा नाक मुरडतात ना, तसंच.

मग बदललं काय? माझ्या मते, ही पुन्हा येणारी ओळ. ती आता पुन्हा वाजतच नाही, चिकटवली जाते. आणि सूर हलला तर तो जागेवर आणणारं सॉफ्टवेअर, ऑटोट्यून, आहेच. १९९७ साली ते ज्या माणसाने बाजारात आणलं तो आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालच्या लहरींचा हिशेब करायचा. खोटं वाटतं, पण खरं आहे. यंत्रावर माझा राग नाही, शेर या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते मला आवडतंसुद्धा. तिथे ते लपवलेलं नाही, मिरवलंय.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या एका अल्बमसाठी स्टुडिओत गेलो होतो. ध्रुवपदामागचा तुकडा एकदा वाजवला. दुसऱ्या वेळी थोडा फिरवू, तिसऱ्याला वरच्या सप्तकात जाऊ, असं मनात ठरवून ठेवलेलं. तेवढ्यात काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दादा, झालं तुमचं. कॉपी मारतो." पडद्यावर एकसारखे चार निळे ठोकळे उभे राहिले. माझं बोट एका ठिकाणी घसरून कोमल नी लागला होता. तो पण चार वेळा. "पुन्हा देतो," म्हटलं, तर स्टुडिओची वेळ संपली होती.

गाणं बरं चाललं. आता मंडळांच्या कार्यक्रमात त्याची फर्माईश येते आणि गायिका आधीच बजावते, "दादा, रेकॉर्डला आहे तस्संच हं, लोकांना तेच लागतं." मग मी तो कोमल नी मुद्दाम लावतो. चारही वेळा.