‘चार हजारांत हवेत बसलेली पोरं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी तुमच्या मुलाची फाइल उघडून सगळं स्वतः पाहायचं होतं.

इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंचा मुलगा सुट्टीत आमच्या चार हजार रुपयांच्या, दहा दिवसांच्या माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी जग उभारायचा गेम) बॅचला होता. त्याने इंदूरच्या राजवाड्यासमोरून जाणारी अनंत चतुर्दशीची झांकी (मिरवणुकीतला चित्ररथ) गेममध्ये करायला घेतली. ट्रॅक्टर तो चालवणार, ट्रॉलीवर तीन मित्र बसलेले दिसणार. ताईंची तक्रार अशी: राजेंद्र नगरला आत्याकडे दादाच्या फोनवर त्याचं वर्ल्ड (गेममध्ये उभारलेलं जग) उघडलं तर ट्रॅक्टर गायब आणि पोरं हवेत बसून सरकतायत, मुलाच्या फोनवर तो स्वतःलाच दिसत नाही, ट्रॉली भिंतीत घुसते, आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, ‘फोन बंद करून चालू करा’. आणि वर, हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं.

फोन बंद करून चालू करायचं उत्तर चुकीचंच होतं. त्याबद्दल माफी मागतो. सरांशी बोललो आहे.

ट्रॅक्टर गायब झाला तीही आमचीच चूक. गेममध्ये अशी नवी गाडी आणायला अ‍ॅड-ऑन नावाची जोड-फाइल लागते. या अ‍ॅड-ऑनचे दोन भाग असतात. बिहेवियर पॅकमध्ये गाडीचं वागणं असतं: वेग किती, किती जण बसणार, कुठे बसणार. रिसोर्स पॅकमध्ये तिचं रूप असतं: मॉडेल, रंग, चाकं. शेवटच्या दिवशी ग्रुपवर फाइल टाकताना आमच्याकडून फक्त पहिला पॅक गेला. मुलाच्या फोनमध्ये क्लासमध्येच दोन्ही टाकलेले होते, म्हणून त्याच्याकडे झांकी दिसत होती. दादाच्या फोनला गाडी आहे आणि तिच्यावर दोघं बसलेत एवढं कळलं, पण ती दिसते कशी हे सांगणारं काहीच नव्हतं. म्हणून खाली नुसती सावली आणि वर पोरं. (खरं सांगू, तुम्ही टाकलेला फोटो पाहून आधी हसू आलं, मग लाज वाटली.) आता दोन्ही पॅकच्या मॅनिफेस्टमध्ये (पॅकची माहिती असलेल्या फाइलमध्ये) एकमेकांशी सांगड घालणारी ओळ टाकली आहे आणि एकत्र फाइल तुम्हाला पाठवली आहे.

‘स्वतःलाच दिसत नाही’ हा मात्र बिघाड नाही. गेम पहिल्यांदा उघडतो तेव्हा कॅमेरा खेळणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. सेटिंग्जमधल्या व्हिडिओत जाऊन कॅमेरा मागे घेतला की आपण ट्रॅक्टरवर बसलेले दिसतो. एका मिनिटाचं काम आहे, आणि ते दहा दिवसांत कोणीतरी सांगायला हवं होतं.

भिंतीचं म्हणाल तर तिथे आम्हीही हतबल आहोत. माइनक्राफ्टमध्ये अशा गाडीला टक्कर मोजण्यासाठी जो अदृश्य ठोकळा असतो, त्याला फक्त रुंदी आणि उंची देता येते. लांबी वेगळी देता येत नाही, म्हणजे वरून पाहिलं तर तो कायम चौरस. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की गाडी लांबुळकी होते आणि मागची टोकं त्या चौरसाबाहेर राहतात. ठोकळा मोठा केला तर ती सराफ्याच्या गल्लीत शिरणारच नाही. आम्ही लहान ठेवला. तुमच्या मुलाशी बोलूनच ठेवला, कारण त्याला गल्लीतून न्यायचीच होती.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही लिहिलं नाही ती सांगतो, कारण चार हजारांतले निम्मे तिथेच खर्च झाले.

आठव्या दिवशी त्याची झांकी चालायला लागली. मग बसायच्या जागा द्यायच्या होत्या. त्याने ब्लॉकबेंचमध्ये (गाडीचं मॉडेल घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्रॉलीची फळी जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं, 20 आलं, आणि बसायच्या जागेच्या उंचीत सरळ 20 लिहिलं. मित्राने ट्रॉलीवर टॅप केलं आणि तो दिसेनासाच झाला. सगळे खाली शोधतायत. तो होता राजवाड्याच्या पाचव्या मजल्याच्या छज्ज्याशी, लाकडी भागापुढे हवेत ठाण मांडून. (राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, पोरांनी नकाशात तेही सांभाळलंय. प्रत्येक मजला चार ब्लॉकचा धरला होता.)

सर सांगायला गेले, मी थांबवलं. पाऊण तास तो त्या आकड्याशी झुंजला. 10 केलं, 5 केलं, मित्र मजल्या-मजल्याने खाली येत राहिला. मग त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं की ब्लॉकबेंचचे सोळा म्हणजे गेममधला एक ब्लॉक. सोळाने भागून 1.25 आलं. तरी बूड फळीपासून थोडं वरच राहिलं, मग आणखी चार-पाचदा कमी-जास्त करून टेकलं. त्या दिवशी तो घरी उशिरा आला असेल. त्याचं कारण हे.

तुमचा रिव्ह्यू वाचून वाटलं की हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगायला हवं होतं: गाडी चालवणं सोपं, माणूस बसवणं अवघड. हे आजचं नाही. मी या नादाला लागलो तो वॉरक्राफ्ट थ्रीमुळे. 2002 साली आलेल्या त्या गेमबरोबर नकाशे करायचा एडिटर मिळायचा. त्यातल्या गॉब्लिन झेपेलिनमध्ये (शिपाई वाहून नेणाऱ्या हवाई जहाजात) शिपाई चढवला की तो पडद्यावरून गायबच व्हायचा. तो दिसायलाच हवा असेल तर शिपायाचं नुसतं मॉडेल घेऊन वाहनाच्या ठरावीक बिंदूला डकवायचं आणि खरा शिपाई लपवून ठेवायचा. 2004 च्या हाफ-लाइफ 2 या गेममध्ये मोकळी गाडी चालवताना खाली मान घातली तरी आपलं अंग दिसत नाही. त्याच वर्षीच्या अनरियल टूर्नामेंटमध्ये प्रत्येक वाहनाला वेगळं सांगावं लागतं की चालक बाहेरून दाखवायचा की नाही. त्या मानाने माइनक्राफ्ट दिलदार. बसणारा आपोआप पाय पुढे करून बसतो आणि सगळ्यांना दिसतो, फक्त जागा नेमकी द्यावी लागते. आणि हो, जो आधी चढेल त्याच्या हाती गाडी. दादाशी भांडण त्यावरूनच झालं ना?

त्याला ट्रॉलीवर लेझीम घेऊन उभी मुलं हवी होती, ती झाली नाहीत, हे खरं. बसलेल्याला उभं करायचं तर खेळाडूच्याच अ‍ॅनिमेशनला हात घालावा लागतो, आणि ते दहा दिवसांच्या बॅचमध्ये मी घेत नाही. इंदूरच्या कापड गिरण्यांच्या झांक्यांवर असतात तसे पुतळे मॉडेलमध्येच उभे करता येतात. ते त्याला सुचवलं होतं. तो म्हणाला, पुतळे नकोत, मित्रच हवेत.

यूट्यूबचं म्हणाल तर मिळतं, नक्की मिळतं. तयार गाडीची फाइलही मिळते, दोन मिनिटांत उतरते, आणि आमच्या ट्रॅक्टरपेक्षा चकचकीत दिसते. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर आमच्याकडे येऊ नका, हे मी पैसे घेण्याआधीही सांगतो.

शेवटचे दोन दिवस फाइल नीट देण्यात आम्ही कमी पडलो, म्हणून त्या दोन दिवसांचे आठशे रुपये परत करतो आहे. पूर्ण फी परत करणार नाही. शनिवारी चारनंतर क्लास रिकामा असतो. मुलाला घेऊन या, दादाचा फोनही आणा. ट्रॉलीच्या उजवीकडची जागा अजून दोन बोटं बाहेर आहे, मित्राचा एक गुडघा कठड्यातून आरपार दिसतो. मी मुद्दाम तशीच ठेवली आहे, तो आकडा त्याचा त्यालाच बदलू दे.