कॅल्क्युलस रक्तातून येत नाही

मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: अमेरिकेत हायस्कूलच्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, कॅल्क्युलस आणि फिजिक्सच्या वर्गांत आपली मुलं भरलेली असतात, कारण गणित आपल्या रक्तातच आहे, लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांना शिक्षणाची किंमत नाही, आणि इंग्रजी येत नसेल तर आधी भाषा, मग विज्ञान. मला तो तीनदा आला, त्यात एकदा पुण्याच्या मावसभावाकडून.

रक्ताचं आधी. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2009 च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि थेट तळाशी गेले. रक्त तेच होतं. इथे फरक पडतो तो चाळणीचा. एच-वन-बी व्हिसाच्या नोकरीला साधारणपणे किमान पदवी लागते. अमेरिकेतल्या भारतात जन्मलेल्या प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. भारतात हे प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. सोललेले शेंगदाणे आणायचे आणि आमच्या शेतात टरफलं उगवतच नाहीत म्हणायचं, त्यातला प्रकार.

आता ‘किंमत नाही’. इथलं, अमेरिकेतल्या शाळांतलं, गणित म्हणजे शिडी आहे: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. पहिली पायरी आठवीत चढली तर बारावीत कॅल्क्युलस येतं. नववीत चढली तर, मध्ये उन्हाळी कोर्स वगैरे केला नाही तर, प्रीकॅल्क्युलसवरच शाळा संपते. म्हणजे निम्मा निकाल सहावी-सातवीतच लागतो. हा हिशेब मला शाळेने सांगितला नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एका काकूंनी सांगितला, हातात वरणभाताची प्लेट धरून: “अगं, आत्ताच ऑनर्सला, त्या पुढच्या वर्गाला टाक, नंतर जागा नसते.” आपल्या घरांत अभ्यासाचा धोशा असतो हे खरंच आहे. पण धोशा लावायला आधी माहीत असावं लागतं, आणि रात्रपाळीत ऑफिसं झाडणाऱ्या आईला ही रांग कुठून मिळणार?

तिसरा मुद्दा मला जास्त झोंबला. शनिवारी मी इथल्या वाचनालयात मुलांना गणितात मदत करते. इक्वाडोरहून येऊन चारच महिने झालेला एक नववीचा मुलगा तिथे यायचा. भागाकारात भाजक उजवीकडे लिहायचा, साडेतीन ‘3,5’ असे लिहायचा, उत्तरं बरोबर. शाळेने त्याला अल्जिब्राच्याही खालच्या वर्गात बसवलं होतं. तो अडला होता एका उदाहरणावर: क्वार्टर आणि डाइम मिळून 17 नाणी, एकूण 2 डॉलर 60 सेंट, तर क्वार्टर किती? क्वार्टर म्हणजे 25 सेंट, डाइम म्हणजे 10, एवढंच मी सांगितलं. त्याने दोन समीकरणं मांडली आणि 6 लिहून वही माझ्याकडे सरकवली.

भाषा लागते, नाही कोण म्हणतं? पण ‘आधी भाषा’ म्हणून दोन वर्षं गेली तर ती शिडी उरत नाही, आणि प्रयोगशाळेतले शब्द प्रयोगशाळेतच शिकले जातात. शिवाय 1974 मध्येच, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषिक मुलांच्या लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही.

मावसभावाला मी उलट नाण्यांचं तेच उदाहरण पाठवलं. तो चांगला इंजिनिअर आहे. पाच मिनिटांनी उत्तर आलं: “डाइम म्हणजे किती गं?”