नववीतच फाईल उघडा

परवा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत एक ताई भेटल्या. "तुमची मुलगी वर्षभर अमेरिकेच्या शाळेत होती ना? आमचा मुलगा दहावीत आहे, परीक्षा झाली की त्यालाही पाठवायचं म्हणतोय." पाळण्यांच्या आवाजात धड बोलता आलं नाही. मी एवढंच म्हटलं की यंदा उशीर झालाय, आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी लेक दहावी झाल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये गेली आणि जून २०२४ मध्ये परत आली. मुलांना तिकडे पाठवणाऱ्या संस्थेने तिची निवड दहावीच्या दिवाळीआधीच केली होती. म्हणजे आमची धावपळ नववीत सुरू झाली. दहावीचा निकाल लागला २ जूनला. त्याची वाट बघत बसलो असतो तर काहीच झालं नसतं.

सगळ्यात आधी वय आणि इयत्ता बघा. अमेरिकेचा शाळकरी मुलांसाठीचा जे-१ (विद्यार्थी आदान-प्रदानाचा) व्हिसा किमान १५ आणि जास्तीत जास्त साडेअठरा वयापर्यंत मिळतो, आणि बालवाडी सोडून अकरा वर्षांपेक्षा जास्त शिक्षण झालेलं चालत नाही. त्यामुळे "बारावी होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांना ही वाट बंद आहे. दहावीनंतर किंवा अकरावीनंतर, एवढीच संधी. अकरावी-बारावीच्या मध्ये खंड पाडणं मला पटत नाही. नीट किंवा जेईई डोक्यात असेल तर नकोच. अकरावीचं रसायनशास्त्र वर्षभर बाजूला ठेवून थेट बारावीत येऊन बसणं फार जड जातं.

आता मुख्य गोष्ट. सगळे जाण्याची तयारी करतात, परत येण्याची कुणी करत नाही. तिकडच्या वर्षाचं गुणपत्रक मिळतं, पण ते दाखवून इथली अकरावी झाली असं धरून चालू नका. आम्ही पहिल्या दिवसापासून हे वर्ष जास्तीचं धरलं. घरात बोलणी झालीच. जाऊबाई म्हणाल्या, "वर्ष मागं पडणार की हो पोरगी!" पडली. तिच्या मैत्रिणी बारावीत गेल्या तेव्हा ही अकरावीत बसली. हे तिला जायच्या आधी समोर बसवून सांगितलं होतं, आणि तिने विचार करून हो म्हटलं होतं. हे बोलणं टाळून मुलाला विमानात बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा इथल्या कॉलेजने परत आल्यावर प्रवेश देऊ असं पत्र दिलं होतं, त्याचा आधार झाला. पण २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, तेव्हा नुसत्या पत्रावर विसंबू नका. मूल तिकडे असतानाच फॉर्म इथून आपल्याला भरावा लागेल. दहावीचं मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला घरीच ठेवा, मुलाच्या बॅगेत नको. मेडिकलचा विचार असेल तर आणखी एक सांगते: राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. तिकडेच शाळा पूर्ण करायचा मोह झाला तर हे आठवा.

कागदांत आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं जन्मदाखल्याने. बाळाच्या नावाचा रकाना कोरा! जन्माची नोंद वेळेत झाली होती, नाव घालायचं आम्हीच विसरलो होतो. नोंदीपासून १५ वर्षांच्या आत नाव घालता येतं आणि लेक तेव्हा चौदाची होती. थोडक्यात वाचलो. मग आडनावाचं स्पेलिंग: शाळेत एक, आधारवर दुसरं. जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायची तर ती शाळेत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर फार अवघड होतं. मराठी माध्यमाच्या मुलांनी मागच्या तीन वर्षांचे गुण शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह मागून घ्यावेत. आमच्या शाळेतल्या भाऊसाहेबांनी जुनी रजिस्टरं काढून दोन दुपारी बसून ते करून दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं अ‍ॅनेक्शर डी हे घोषणापत्र लागतं. व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा कागद निवड करणाऱ्या संस्थेकडून येतो, तो आल्यावरच व्हिसाची मुंबईतली मुलाखत. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून गेलो, काम झालं.

लसींकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. तिकडच्या शाळा एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस मागतात. आपल्या मुलांना २०१८ च्या मोहिमेत शाळेत टोचलं ते गोवर-रुबेलाचं, त्यात गालगुंडाची लस नव्हती. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात, म्हणजे जुलैत जाग येऊन उपयोग नाही. टीबीची तपासणी सांगितली तर डॉक्टरांना रक्ताच्या इग्रा चाचणीबद्दल विचारा. दंडावर टीबीची बीसीजी लस घेतलेल्या आपल्या मुलांची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरभर घबराट होते.

विषय निवडताना तिकडच्या काउन्सेलरना लेकीने आधीच मेल लिहिला होता: गणित आणि प्रयोगासह रसायनशास्त्र हवंच, बाकी तुम्ही सुचवा. त्यांनी गणित, रसायन दिलं आणि वर मातीकाम सुचवलं. तिने केलेला एक वाकडा मग आमच्या ओट्यावर आहे, त्यात मी शेंगाचटणीचा चमचा ठेवते. निघायच्या आधी शिक्क्याचं गुणपत्रक हातात घेऊनच ये, असं तिला बजावलं होतं, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या शाळांची ऑफिसं बऱ्याचदा बंद असतात.

ती आता बारावीत आहे. गड्ड्यावरच्या त्या ताईंचा नंबर घ्यायचा राहून गेला. त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचली तर सांगा, अकरावीनंतरची वाट त्यांच्या मुलाला अजून मोकळी आहे. वर माझं मत वेगळं लिहिलंय, पण तो कॉमर्सला जाणार असेल तर बारावी त्याला इतकी जड जाणार नाही. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते. येताना जन्मदाखला तेवढा घेऊन या.