दुसरी जोडी

15 मे 2022, रविवार. आमच्याकडं रविवारी सकाळी मटण सोडून दुसरा विषय नसतो. पांढऱ्या रश्श्याचं माझ्याकडं होतं. मोबाईल चटणीच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यावर बँकॉकहून थॉमस कपची, म्हणजे बॅडमिंटनमधल्या पुरुषांच्या टीमच्या वर्ल्ड कपची, फायनल. लक्ष्य सेन पहिला गेम 8-21 हरला तेव्हा बायको म्हणाली, "झालं तुमचं, आता तरी चुलीकडं बघा." मी बघितलं नाही. लक्ष्यनं इंडोनेशियाच्या गिंटिंगला हरवलं, आपल्या सात्त्विक-चिराग जोडीनं मॅच पॉइंट वाचवत डबल्स काढली, श्रीकांतनं क्रिस्टीला दोन गेममध्ये संपवलं. 14 वेळा कप नेलेला इंडोनेशिया 3-0 नं गप्प. इकडं रस्सा फाटला होता. फाटलेला रस्सा घरात कुणी हूं की चूं न करता खाल्ला, असं आमच्या घराण्यात बहुतेक एकदाच घडलंय.

लोकांच्या लक्षात ती फायनल राहिली. मला मात्र त्याआधीच्या दोन मॅच सतवतात. क्वार्टरला मलेशिया, सेमीला डेन्मार्क. दोन्हीकडं तेच. लक्ष्य हरला, सात्त्विक-चिराग जिंकले, श्रीकांत जिंकला, दुसरी जोडी हरली, 2-2. मग पाचव्या मॅचला प्रणॉय. डेन्मार्कविरुद्ध तर तो कोर्टवर घसरला, घोटा दुखावला, पहिला गेम 13-21 गेला. त्याच पायावर पुढचे दोन्ही गेम त्यानं 21-9, 21-12 असे काढले. सगळा देश प्रणॉयच्या एका घोट्यावर उभा होता म्हणा ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थॉमस कपमध्ये तीन सिंगल्स आणि दोन डबल्स. आधी तीन जिंकेल तो पुढं. म्हणजे दोन चांगल्या जोड्या लागतात. आपल्याकडं आहे एक.

हे मी चिडून बोलत नाही, पुढचं बघा. ऑक्टोबर 2023, हांगझोऊची एशियाड, टीम फायनल, समोर चीन. लक्ष्य जिंकला, सात्त्विक-चिराग जिंकले, 2-0. इथून सोनं हातात यायला पाहिजे होतं. पण प्रणॉय पाठीच्या दुखण्यानं बाहेर. श्रीकांत हरला, दुसरी जोडी हरली, पाचवा मिथुन मंजुनाथही हरला. 2-3, चांदी. 2024 ला चेंगडूत थॉमस कपच्या क्वार्टरला पुन्हा चीन. त्या दिवशी तर पहिली जोडीही हरली, लक्ष्यनं एक मॅच काढली आणि दुसऱ्या जोडीच्या पराभवावर 1-3 नं खेळ संपला. पोरींचंही तेच. फेब्रुवारी 2024 ला आशियाई टीम चॅम्पियनशिप जिंकली, पहिल्यांदाच, थायलंडला 3-2 हरवून. त्यातही दुसरी जोडी हरली होती, म्हणून 17 वर्षांच्या अनमोल खरबला पाचवी मॅच खेळून वाचवावं लागलं. आणि सुदिरमन कप, जिथं पोरं-पोरी एकाच टीममध्ये असतात आणि मिक्स्ड डबल्सही लागते, तिथं आपण अजून सेमीफायनलचं तोंड बघितलेलं नाही.

आता कोल्हापुरातलं बोलतो. आमच्या हॉलवर सकाळी सहाला या. चाळिशीच्या पुढचे सगळे, गुडघ्याला पट्टे बांधून, डबल्स खेळत असतात. फूल (म्हणजे शटल) कुणाचं, लाईन कुणाची, यावरून तालमीत होत नसेल एवढी भांडणं. त्याच कोर्टवर संध्याकाळी पोरं येतात आणि सगळी सिंगल्स शिकतात. ज्यांचं वय झालंय ते डबल्स, ज्यांना शिकायचंय ते सिंगल्स. उलटं नाही का वाटत?

माझा पुतण्या आणि त्याचा एक मित्र दोन वर्षं जोडीनं खेळले. मित्र डावखुरा, नेटवर मांजरासारखा. पुतण्या मागून हाणायचा. बोलावं लागायचं नाही, एक पुढं सरकला की दुसरा आपोआप मागं. एक दिवस मित्राच्या वडिलांनी त्याला काढून घेतलं. मला म्हणाले, "दादा, जोडीत नाव कुणाचं होणार? निम्मं तुमच्या पोराचं." मी काय बोलणार. सिंगल्समध्ये तो पोरगा सगळीकडं पहिल्या फेरीत हरतोय, पण नाव त्याचं एकट्याचं लागतं, हे खरं.

आणि हे बोलणारा बाप शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा आहे! फुटबॉलला तालीम मोठी, बॅडमिंटनला पोरगा मोठा. (कुस्तीच्या भाषेत जोड म्हणजे समोरचा पैलवान. कदाचित आमच्या गावाला जोडीदार हा शब्दच नीट कळत नसेल.)

सिंगल्सचं वेड मला कळत नाही असं नाही. शेजारच्या सांगलीचे नंदू नाटेकर 1956 साली क्वालालंपूरला जिंकून आले, परदेशात किताब जिंकणारे पहिले भारतीय. मग प्रकाश पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू. आपल्याकडं बॅडमिंटनचं प्रत्येक मोठं नाव एकट्यानं उभं राहिलेलं. पण नाटेकर थॉमस कपमध्ये डबल्सही खेळायचे. 1951 ते 1963 या काळात त्यांनी तिथं 16 सिंगल्स आणि 16 डबल्स खेळल्या, निम्म्याला निम्म्या. तेव्हा त्यांना कुणी विचारलं नसेल, नाव कुणाचं होणार म्हणून.

कुणी म्हणेल, सात्त्विक-चिराग आहेत की. आहेत. पण ती जोडी आपोआप झाली का? एक अमलापुरमचा, एक मुंबईचा, दोघंही मागून स्मॅश मारणारे. टॅन किम हर या मलेशियन कोचनं त्यांना एकत्र आणलं. दोघं मागचेच, मग नेटवर जायचं कुणी? चिराग पुढं खेळायला शिकला. मागून हाणायचं सोडून दुसऱ्यासाठी पुढं जाणं, हे शिकायला वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं आईबापांनी थांबायला लागतं.

परवा हॉलवर तो डावखुरा पोरगा भेटला. वडील बाहेर गाडी पार्क करत होते. पुतण्याला हळूच म्हणाला, "एक गेम मारायचा काय?" समोर आम्ही दोघं म्हातारे उभे राहिलो. 21-9 नं हरलो. वडील आत आले तेव्हा पोरं कोर्टच्या दोन टोकांना जाऊन बूट सोडत बसली होती.