साडेबाराचा कोंबडा

जर्मनीत कार्ल्सरुहेला राहायला आल्यापासून मी सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला सात वेळा जाऊन आलो. कोंबडा अजून पाहिलेला नाही.

हा यांत्रिक कोंबडा तिथल्या कॅथेड्रलमधल्या खगोलीय घड्याळावर बसतो. दुपारी साडेबाराला पंख फडफडवून तीनदा आरवतो आणि बारा शिष्य येशूपुढून ओळीने सरकतात. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा हे मोबाइलवर बघूनच येतो. मग कधी सासूबाईंची चप्पल तुटते, कधी पुतण्या हरवतो (चॉकलेटच्या दुकानात सापडतो), आणि साडेबारा टळून जातात.

या मार्चमध्ये साताऱ्याचे काका-काकू आले. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, म्हणून मी निर्धास्त होतो. आठच्या गाडीसाठी ते साडेसहालाच बूट घालून दारात. काकू मात्र सातला मेथीच्या पराठ्यांची कणीक मळत होत्या. "तिथे काही खायला मिळालं नाही तर?" फ्रान्समध्ये!

माझा महिन्याचा जर्मन पास ऱ्हाईन नदीच्या अलीकडे, केल या गावापर्यंतच चालतो. तिथे उतरून ट्रामने नदी ओलांडायची, म्हणजे चार पैसे वाचतात. पण वाटेत ऑफेनबर्गला पुढची गाडी चुकली. "उशिराची नोंद कुठल्या रजिस्टरला करतात रे?" काकांनी विचारलं. ट्राम पुलावर चढल्यावर फ्रान्स आलं म्हणून काकूंनी पासपोर्ट काढायला घेतले. पिशवीतल्या पिशवीतल्या पिशवीची गाठ सुटेपर्यंत देश बदलून दोन स्टॉप झाले होते. विचारायला कोणी आलंच नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

कॅथेड्रलला मनोरा एकच. 1439 मध्ये पूर्ण झालेला, 142 मीटर उंच, 1874 पर्यंत दोनशेहून जास्त वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत, वगैरे मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"दुसरा पडला का?"

"बांधलाच नाही, काकू."

"आमच्या सोसायटीची बी विंग तशीच राहिलीय."

धावतपळत तिकिटं काढून आत शिरलो. बारा वाजून गेले तरी घड्याळाचे शिष्य हलेनात, तसे काका अस्वस्थ झाले. मी समजावलं, हे घड्याळ स्ट्रासबर्गच्या स्वतःच्या वेळेवर चालतं, बाकी देशाची वेळ त्याच्यापुढे अर्धा तास. इथले बारा म्हणजे बाहेरचे साडेबारा.

"म्हणजे गाडी वेळेवर, वेळापत्रक चूक," काका खुलले. "डेपोत आम्ही वेगळं काय सांगत होतो?"

बारा अठ्ठावीसला काकूंनी माझी बाही ओढली. "अरे, बाथरूम कुठे आहे?"

काकांना तिथेच ठेवून आम्ही दोघं बाहेर पडलो. समोरच्या कॅफेत बाथरूमसाठी कॉफी घेणं भाग होतं. काकूंनी किंमत मनात शंभराने गुणली आणि शेवटच्या थेंबापर्यंत कॉफी मला प्यायला लावली.

"काळजी करू नकोस, मी अख्खं शूटिंग केलंय," काका म्हणाले. परतीच्या गाडीत पराठा खाता खाता मी ते पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद काकांचा अंगठा. मागे कोंबडा मात्र खणखणीत आरवतोय.