नितळ पाण्याच्या भरवशावर नदी सोडायची? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. छोट्या गावांनीही सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस काढावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आधी सगळी घरं मलवाहिनीला जोडा, छोट्या गावाच्या सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस काढत बसणं म्हणजे चोचले, साध्या प्रक्रियेतून पाणी नितळ निघतं, पुढचं वाहती नदी बघून घेते, आणि असे प्रकल्प दोन वर्षांत बंदच पडतात.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. प्रकल्प रोज चालवणाऱ्या ऑपरेटरबद्दल मी लेखात एक ओळही लिहिली नाही. बहुतेक प्रकल्पांत सगळ्यात जास्त वीज हवा देणारे ब्लोअर खातात, त्यामुळे बिल कमी करायचं ठरलं की पहिला हात त्यांच्याच स्विचवर जातो. सांडपाण्यातला नायट्रोजन बराचसा अमोनियाच्या रूपात असतो; त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू याच हवेवर जगतात आणि फार सावकाश वाढतात. एकदा मेले की पुन्हा जम बसायला आठवडे लागतात.

‘नितळ’वर मात्र मी अडतो. लिटरमागे २५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असलेलं पाणी आणि १ मिलिग्रॅम असलेलं पाणी दोन ग्लासांत शेजारी ठेवा, डोळ्यांना फरक कळणार नाही. नदीला कळतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे २५ ला जवळपास ११४. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यातसुद्धा लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. म्हणजे एक लिटर ‘नितळ’ पाणी नदीच्या पंधरा लिटरांमधला सगळा ऑक्सिजन फस्त करू शकतं. हे हळूहळू होतं आणि हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, म्हणून नदी तग धरते. पण भर उन्हाळ्यात पंधरापट पाणी नदीत असतं कुठे?

नदी स्वतःला साफ करते हे खरं, पण सेंद्रिय घाणीपुरतं. नायट्रोजन निदान वायू होऊन हवेत जाऊ शकतो. फॉस्फरसला ती वाट नाही. तो गाळात बसतो, शेवाळात जातो, शेवाळ कुजलं की पुन्हा पाण्यात येतो. कॅनडातल्या ओंटारिओत १९७३ साली सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने २२६ क्रमांकाचं सरोवर मधोमध पडदा टाकून विभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा जवळपास होता तसाच राहिला.

शेवाळ माजलेल्या संथ डोहात दुपारी चारला ऑक्सिजन मीटर बुडवा. आकडा बघून तुम्ही खूश व्हाल. मग त्याच जागी पहाटे या. रात्रभर शेवाळाने तोच ऑक्सिजन खाल्लेला असतो, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत असतात. दुपारचा चांगला आकडाही फसवा असतो. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा पीएच चढतो आणि अमोनियाचा माशांना घातक असलेला भाग वाढतो. (नमुने नेहमी कार्यालयीन वेळेत का घेतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आता चोचल्यांबद्दल. छोट्या गावाला टाक्यांची रांग लागतेच असं नाही. एकाच टाकीत पाळीपाळीने पाणी भरायचं, हवा न देता ढवळायचं, मग हवा द्यायची, निवळू द्यायचं, वरचं पाणी काढायचं. हवा बंद असते तेव्हा दुसरे जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरून सेंद्रिय घाण खातात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो; वर सांगितलेल्या ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजनपैकी २.८६ पर्यंत असे वसूल होऊ शकतात. म्हणजे अमोनिया काढायचाच असेल, तर पुढची ही पायरी ब्लोअरचं ओझं हलकंच करते. फॉस्फरस गाळात बसवायला फेरिक क्लोराइड (लोखंडाचा एक क्षार) किंवा तुरटी घालता येते, पण गाळ वाढतो, आणि तो कुठे न्यायचा हे आधी ठरलेलं नसेल तर तोच गाळ पहिल्या पुरात नदीत जातो.

आधी सगळी घरं मलवाहिनीला जोडा, हा तुमचा क्रम मला मान्य. फक्त टाकी बांधताना या पाळ्यांची सोय त्यातच ठेवा, मागाहून तोडफोड महागात पडते.

ऑपरेटरवरचा परिच्छेद आजच मूळ लेखात जोडतो. मुद्दा तुमचा आहे, तुमचं नाव टाकलं तर चालेल ना?