बहिष्कार टाकण्याआधीचे सहा महिने

काल कट्ट्यावर प्राध्यापकांच्या संपाचा विषय निघाला आणि निवृत्त सरांनी थेट २०१३ गाठले. "४ फेब्रुवारीला 'एमफुक्टो' या राज्यातील प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि तो १० मेपर्यंत टिकला, कारण सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न प्रत्येकाला तोंडपाठ होता," असे ते म्हणाले. तास बुडाले तर शासन खुशाल वाट पाहते, निकाल रखडला की मात्र मंत्रालयाला उत्तर द्यावे लागते, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

वकिली करणाऱ्या मित्राला तो अपुरा वाटला. "सर, तुम्ही वर्गात शिकवत होतात, तरी ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले आणि अखेर उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर बहिष्कार मागे घ्यावा लागला. पगार थांबणार हे गृहीत धरून सहा महिने आधीपासून निधी का जमवला नाही?" सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की एक सहकारी गृहकर्जाच्या हप्त्यासाठी त्यांच्या दारी आला होता आणि त्या दिवशी संघटनेकडे त्याला द्यायला काहीही नव्हते.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडम तोवर ऐकत होत्या. "आम्हाला घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते, म्हणजे पूर्ण संपाच्या पहिल्या दिवसापासून आमची चूल थंड. तुमच्या निधीत आणि मागण्यांत आमचे नाव कितव्या ओळीवर आहे, ते आधी सांगा."

मी त्यांच्या बाजूचा आहे, पण मला आणखी एक गोष्ट बोचते. त्या वर्षी आमच्या महाविद्यालयात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोरीसुद्धा न सोडता कपाटात पडून होते आणि शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी दारात उभा राहून विचारत होता, "सर, नोकरीच्या ठिकाणी गुणपत्रिका मागतात, मी काय सांगू?" आम्ही मंत्र्यांना निवेदने दिली होती, सभांचे इतिवृत्त लिहिले होते, पण त्याच्या हातात ठेवायला साधे एक पानही छापले नव्हते.

वकील मित्राने तिथेच कागद काढला. विद्यार्थ्यांसाठीच्या पत्रकावर एकमत झाले. निधीतून पहिली मदत कायम शिक्षकाला की तासिकावाल्याला, यावर मात्र टपरी बंद होईपर्यंत वाद चालला आणि तो आज पुन्हा सुरू होणार आहे.